पान एकशे अठ्ठेचाळीस

कॉलेजच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. तिथे टेलिफोनचा बोर्ड होता आणि बोर्डासमोर तो बसायचा. ऑपरेटर हवा असला की नऊ फिरवायचा, म्हणून प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळे त्याला नऊ नंबरच म्हणायचे. एकदा तर फलकावरच्या नोटिशीतही तेच नाव छापून आलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "निदान आकडा तरी मोठा मिळाला," म्हणाला.

सातव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले होते. पण नुसत्या 'हॅलो'वरून तो माणूस ओळखायचा. कोण घरी भांडून आलंय, कोणाला सुट्टी मागायचीय, कोण साहेबांना टाळतंय, हे त्याला लाइन जोडायच्या आतच कळायचं. यातलं एक अक्षरही तो दुसऱ्याला सांगायचा नाही.

शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख बाई एकदा फोनवर त्याच्यापाशी करवादल्या, की हल्लीची मुलं वर्गात ऐकतच नाहीत. तो म्हणाला, "बाई, रागावू नका. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. वाक्याचा शेवटचा शब्द फळाच खातो. तुमचा वर्ग माझ्या डोक्यावरच आहे, मी रोज ऐकतो."

 बाई खो खो हसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः जिना उतरून खोलीत आल्या. त्यानं नोकरी करता करता बाहेरून एम. ए. केलंय हे त्यांना तेव्हा कळलं. वर्षभरात त्यांनी त्याला पीएच. डी.ला नोंदवून टाकलं. विषय त्याचाच होता: वर्गात फक्त ऐकून शिकणारी मुलं.

त्याची बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणांच्या कामाला होती. बातमी ऐकून ती म्हणाली, "डॉक्टर झालात की आता कितवा नंबर देणार तुम्हाला?"

बाई शिस्तीच्या होत्या. पहिले सहा महिने त्यांनी त्याला प्रबंधाचं एक पान लिहू दिलं नाही. आधी सारांश लिहायला शिका, म्हणाल्या. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरं करायचं. मग ते बंद करून बाजूला ठेवायचं आणि लेखकानं नेमकं काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत मांडायचं. उदाहरणं गाळायची, मुद्दा गाळायचा नाही. प्रत्येक मुद्द्यापाशी पानाचा आकडा हवाच. आणि आपलं मत आत घुसडायचं नाही, ते वेगळ्या कागदावर. त्यानं टाइप करून दिलेले सुरुवातीचे सारांश त्या मोठ्यानं वाचायच्या आणि मध्येच थांबून विचारायच्या, "हे लेखकाचं की तुमचं?" तो ओशाळायचा. निम्म्या वेळा ते त्याचंच असायचं.

हळूहळू त्याचा हात बसला. अडचण होती ती पुस्तकांची. लागणारी पुस्तकं जुनी, जाडजूड, कुठेही ध्वनिमुद्रित नाहीत. एखादं वाचून घ्यायचं म्हटलं तरी महिना जायचा, आणि पुस्तकं होती एकतीस. बायको कारखान्यातून यायची ती खांदे दुखवून घेऊन.

तेव्हा वेलांटी पुढे आला.

वेलांटी हा त्याचा बालमित्र. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचा, म्हणून हे नाव. लहानपणी नऊ नंबरचे डोळे गेल्यावर गल्लीतली बाकीची मुलं लांब झाली, हा झाला नाही. दोघं शाळेत जोडीनं जायचे. पुढे वेलांटीनंही त्याच विभागात पीएच. डी.ला नाव घातलं होतं, पण वडील आजारी पडले आणि ते राहून गेलं, असं तो सांगायचा.

"तू काळजी करू नकोस," वेलांटी म्हणाला. "पुस्तक मी घरी वाचतो, बाईंच्या पद्धतीनं सारांश काढतो आणि कॅसेटवर बोलून देतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच वाचतो मी. जरा बरं काही वाचल्याचं पुण्य."

पावणेतीन वर्षं हे चाललं. दर रविवारी सकाळी वेलांटी कॅसेट घेऊन यायचा. प्रत्येक कॅसेटची सुरुवात एकाच ठरलेल्या पद्धतीनं: पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, पानं, मग "सारांश सुरू." शेवटी "सारांश संपला." मध्ये प्रत्येक मुद्द्याला पानाचा आकडा. दुपारच्या सुट्टीत नऊ नंबर कानाला यंत्र लावून ऐकायचा आणि ब्रेलच्या पाटीवर टोचणीनं उतरवून घ्यायचा. त्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली की सुट्टी संपल्यावर बोर्डावर बसला तरी वेलांटीच कानात बोलत असायचा.

त्यातलं एक पुस्तक त्याला फार आवडलं. ऐकण्याच्या मानसशास्त्रावरचा जुना ग्रंथ होता. त्यात पान एकशे अठ्ठेचाळीसपासून पुढे लेखकानं वर्गातल्या शांततेचे तीन प्रकार सांगितले होते. भीतीनं गप्प झालेला वर्ग, न कळल्यामुळे गप्प झालेला वर्ग आणि विचार करत असल्यामुळे गप्प झालेला वर्ग. तिन्ही शांतता वेगळ्या ऐकू येतात, असं त्यानं म्हटलं होतं. भीतीच्या शांततेत बाकं वाजत नाहीत. न कळल्याच्या शांततेत पानं उगीचच उलटली जातात. विचाराच्या शांततेत कोणीतरी नकळत पाय हलवत असतं. चांगल्या शिक्षकाला तिन्हींतला फरक पाठमोरं उभं राहूनही कळतो.

हे ऐकताना नऊ नंबरच्या हातातली टोचणी थांबली. हे त्याला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त कोणी शब्दांत मांडलेलं ऐकलं नव्हतं. त्यानं कॅसेट चार वेळा मागे नेली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यानं याच मुद्द्यावर उभं केलं. सहा शाळांतल्या वर्गांत जाऊन बसला, टिपणं केली.

विभागात ते प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या इतक्या वर्षांत विद्यार्थ्यानं सारांशातून एवढं काढलेलं मी पाहिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेलांटी मुद्दाम रजा घेऊन शेवटच्या रांगेत बसला होता. बाकीचे थांबल्यावरही त्याच्या टाळ्या चालूच होत्या. नऊ नंबरला भरून आलं.

प्रबंध जमा करायच्या आधी बाहेरच्या परीक्षकांपुढे सादरीकरण असतं. आलेले परीक्षक वयस्कर होते, सावकाश बोलणारे. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तिसऱ्या प्रकरणाचा आधार कुठल्या पानावर आहे?"

"पान एकशे अठ्ठेचाळीस ते एकशे त्रेपन्न," नऊ नंबर एका दमात म्हणाला.

"तुम्ही स्वतः वाचलंत?"

"वाचून घेतलं, सर. सारांशावरून."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. "मी बावीस वर्षं हा ग्रंथ शिकवतोय. तुमचं प्रकरण वाचल्यावर मला माझीच शंका आली, म्हणून बरोबर घेऊन आलो. हे पान एकशे अठ्ठेचाळीस." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्या पानावर कानातल्या हाडांची रचना होती. पुढच्या पानावर ध्वनिलहरींचं मोजमाप. एकशे त्रेपन्नपर्यंत ते सावकाश वाचत गेले. वर्ग नाही, शिक्षक नाही, शांतता नाही.

"आवृत्ती वेगळी असेल," नऊ नंबर म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"ह्या ग्रंथाची एकच आवृत्ती निघाली."

मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "ठोकून दिलं की हो सरळ." मग बाई बोलल्या. दोन वर्षं त्या 'आपलं प्रकरण' म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "मूळ पुस्तकाशी ताडून बघायची जबाबदारी विद्यार्थ्याची असते. मी फक्त सारांश तपासले."

तो घरी आला आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिला. बायकोनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यांचंच काहीतरी चुकतंय. पुस्तक आण ग्रंथालयातून. माझ्या कार्डावर."

त्याला अजून वेलांटीची शंका आली नव्हती. आकड्यात घोळ झाला असेल, मुद्दा दुसऱ्या पानावर असेल, असंच तो धरून बसला होता.

बायको रोज संध्याकाळी वाचायला बसली. तिचं शिक्षण दहावीपर्यंतचं. जोडाक्षर आलं की अडखळायची, मागे जायची, पुन्हा धडक मारायची. पण एक शब्द सोडायची नाही. "मुद्रकाचा पत्ता पण वाचू?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. तो म्हणाला, "वाच." अकरा संध्याकाळी लागल्या. शेवटची सूची संपवून तिनं पुस्तक मिटलं.

"नाहीये हो," ती म्हणाली. "कुठेच नाहीये."

त्यानं पुस्तक हातात घेऊन मिटलेल्या पानांवरून अंगठा फिरवला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बाकीची पण बघू या का?"

"नको."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना ती न विचारता दोन पुस्तकं घेऊन आली. तिनं वाचायचं आणि त्यानं ब्रेलच्या टिपणांवर बोट फिरवत ताडायचं, असं पुढचे अकरा महिने चाललं. एकतीस पुस्तकांपैकी सत्तावीस अगदी चोख होती. पानाचा एकसुद्धा आकडा चुकला नव्हता, लेखकाचा एकसुद्धा मुद्दा निसटला नव्हता. चार पुस्तकांत मिळून सात ठिकाणी असं काही होतं जे मुळात नव्हतंच. आणि ते सातही मुद्दे एकाच माणसाचे वाटत होते. नऊ नंबरला सर्वांत जास्त आवडलेले नेमके तेच सात.

त्याला वाटलं होतं, आळसानं केलं असेल, न वाचताच बोलून टाकलं असेल. तसं असतं तर राग येऊन मोकळा झाला असता. पण सगळं मन लावून वाचून, समजून, जपून, मध्ये बेमालूम कालवलेलं होतं.

कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी तो काठी घेऊन एकटाच छापखान्यात गेला. मुद्रितशोधकांची खोली वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबल, ओल्या शाईचा वास. वेलांटी खुर्ची सरकवून उठला.

"अरे, तू? सांगितलं असतंस तर मीच आलो असतो. बस, बस."

"पान एकशे अठ्ठेचाळीस," नऊ नंबर म्हणाला.

"काय झालं त्याचं?"

"सादरीकरण झालं, त्यानंतर तू एकदाही आला नाहीस. काय झालं ते तुला माहीत आहे."

"आकडा इकडचा तिकडे झाला असेल रे. दिवसाला शंभर पानं जातात डोळ्यांखालून."

"अख्खं पुस्तक वाचलं. हिनं वाचलं. सगळी वाचली. सात जागा आहेत. सांगू कुठल्या?"

टेबलावरचा कागद सरकल्याचा आवाज आला.  मग वेलांटी खालच्या आवाजात म्हणाला, "ते माझं आहे."

"कळलं मला ते."

"नाही, तुला नाही कळलं. वडील आजारी वगैरे काही नव्हते. माझा प्रबंध बाईंनी परत केला होता. एकोणीस वर्षं झाली. शांततेचे तीन प्रकार, सगळं त्यात होतं. त्यावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं, 'कोणी म्हटलंय हे? संदर्भ?' मी म्हटलं, बाई, मी म्हणतोय. तर म्हणाल्या, तुम्ही कोण?" तो कोरडा हसला. "मग मी संदर्भ दिला. जाड पुस्तकाचं नाव लावलं, आकडा लावला. त्याच बाई, तोच विचार. वाहवा केली की नाही?"

"केली. तू टाळ्या वाजवत होतास."

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी वाजवतोयस."

वेलांटीनं कागद टेबलावर ठोकून सारखे केले. "तुला फायदाच झाला ना रे," तो म्हणाला. "तुझं सगळ्यांत चांगलं प्रकरण तेच होतं. तो म्हातारा आला नसता तर कोणाला काही कळलं नसतं."

"मला सांगितलं असतंस. मी तुझ्या नावानं घातलं असतं."

"कसं? 'छापखान्यातल्या मित्राचं मत' असं? हसले असते लोक."

"हसू देत. त्यांनी मला खोटारडा म्हटलं, वेलांटी. भर सभेत. आणि मी तिथे उभा राहून तुझी बाजू मनात मांडत होतो. आवृत्ती वेगळी असेल म्हणत होतो." नऊ नंबरनं काठी ओढून जवळ घेतली. "दुसऱ्या कोणाला हे करायची तुझी छाती झाली नसती. तो पान उलटून बघेल याची भीती वाटली असती. मला पान उलटून बघता येत नाही, हे तुला माहीत होतं."

"तसा विचार नव्हता केला मी."

"केला होतास. आकडे दिलेस ना."

तो उठला. वेलांटीनं जिन्यापर्यंत सोडायला हात पुढे केला, तो त्यानं धरला नाही. जिना अनोळखी होता. एकेक पायरी चाचपत खाली उतरायला त्याला बराच वेळ लागला, आणि वर उभा राहिलेला वेलांटी ते सगळं बघत होता, हे त्याला जाणवत होतं.

नंतर तो बाईंना भेटला आणि घडलं ते सांगितलं. बाईंना जुना प्रबंध आता कुठे आठवला.

"त्यात संदर्भच नव्हते," त्या म्हणाल्या. "मी काय करणार?"

"विचार चांगला होता का, बाई?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही वाचलात तेव्हा चांगला वाटला," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या की समितीपुढे जास्त खोलात जायला नको, विभागाचं नाव निघतं. लेखनिकाची चूक म्हणून सांगू. त्यानं ते ऐकलं नाही. समितीला त्यानं सगळं लेखी कळवलं, फक्त वेलांटीचं नाव घातलं नाही. समितीनं त्याला एक वर्ष दिलं. सगळे सारांश मूळ पुस्तकांवरून नव्यानं करायचे आणि तिसरं प्रकरण काढून टाकायचं.

त्यानं ते केलं. बायको वाचायची, तो ऐकायचा, पुस्तक मिटायला लावायचा आणि मग आठवून, तोलून लिहायचा. एखाद्या वाक्यापाशी त्याचा हात अडायचा. हे लेखकाचं की आपलं, की कोणी तिसऱ्यानंच आपल्या डोक्यात घालून ठेवलेलं? पूर्वी असा प्रश्न पडला की तो नुसता ओशाळायचा. आता भीती वाटायची. बायकोलासुद्धा तो मध्येच विचारायचा, "खरंच असं लिहिलंय?" तिनं पहिल्यांदा ऐकून घेतलं. दहाव्यांदा ती पुस्तक खाली ठेवून म्हणाली, "मी वेलांटीभावजी नाहीये." त्यानं माफी मागितली, पण विचारायची सवय काही गेली नाही.

प्रबंध मंजूर झाला. बारीक झाला होता, आणि फिकाही. परीक्षकांनी 'काटेकोर' एवढंच म्हटलं. नावाआधी डॉक्टर लागलं, बोर्ड तोच राहिला.

पुढच्या वर्षी एक दिवस बाहेरून फोन आला. शिक्षकांच्या एका मासिकाचे संपादक होते. "तुमच्याशीच बोलायचंय," ते म्हणाले. त्यांच्या अंकात वर्गातल्या शांततेवर एक लेख आला होता, लेखक छापखान्यातले एक मुद्रितशोधक. त्यावर विभागातल्या कोणीतरी पत्र लिहिलं होतं, की हा विचार एका अंध संशोधकाच्या सादरीकरणातून सरळ उचललाय. "आम्ही जाहीर माफी छापणार आहोत. विचार तुमचाच होता, असं दोन ओळींत लेखी द्याल का?"

तो घरी गेला आणि बायकोला कागद घ्यायला सांगितलं. हकीकत ऐकून ती म्हणाली, "द्या की लिहून. तुमचं नाव जाऊन एवढे दिवस झाले, आता त्याचं जाऊ दे. खोटं लिहवत नसेल तर लिहू नका. नुसतं गप्प बसा."

"गप्प बसलो तर तो विचार माझा ठरेल."

"मग ठरू दे ना! वर्गात जाऊन बसलात तुम्ही, टिपणं केलीत तुम्ही."

"माझा नाहीये तो," तो म्हणाला. "लिही."

त्यानं सांगितलं ते असं: 'सदर विचार लेखकाचा स्वतःचा असून माझ्या सादरीकरणाच्या आधीपासूनचा आहे. माझ्या प्रबंधात तो दुसऱ्या ग्रंथाच्या नावाखाली, माझ्या नकळत आला होता. ही चूक त्यांनी केली. विचारावरचा हक्क मात्र त्यांचाच आहे.'

बायकोनं लिहिलं, पण तिसऱ्या वाक्याखाली पेन दाबून जाड रेघ ओढली. संपादकांनी पत्र जसंच्या तसं छापलं.

आठवड्याभरानं वेलांटी दारात उभा राहिला. पावलं ऐकूनच नऊ नंबरनं ओळखलं. बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली.

"सगळ्यांसमोर मांडलंस ते," वेलांटी म्हणाला. "छापखान्यातसुद्धा वाचलं सगळ्यांनी." मग जरा थांबून, "पण वाचवलंसही. मला वाटलं नव्हतं."

"मी तुझ्यासाठी नाही केलं."

"मग?"

"बरोबर होतं ते."

वेलांटीनं पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "मला माफ केलंस का तू?"

"नाही," नऊ नंबर म्हणाला. त्यानं आवाज चढवला नव्हता. "प्रयत्न केला. होत नाही. तुझा आवाज आला की मी अजून आधी खूश होतो आणि मग आठवतं. ते जास्त वाईट आहे."

"तुझं पुढचं काही काम असेल तर," वेलांटी घाईघाईनं म्हणाला, "मी शब्दन् शब्द वाचीन. सारांश नको, काही नको. इथे बसून, वहिनींसमोर वाचीन."

नऊ नंबरनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. वेलांटी आणखी थोडा वेळ बसला, मग उठून चपला घालून गेला.

बायको बाहेर आली. पेला भरलेलाच होता. तिनं तो उचलला आणि विचारलं, "परत येतील का हो?"

"येईल."

"मग काय करू?"

"दार उघड. बसव. चहा विचार," तो म्हणाला. "फक्त वाचायला काही देऊ नकोस त्याच्या हातात."